बारकोड रीडर परत परत नो-रीड देतोय? लेन्सची रिंग फिरवायच्या आधी हे बघून घ्या

पॅकिंग लाईनवर बसवलेला फिक्स रीडर आज सेट केला की थोड्या दिवसांनी परत नो-रीड (म्हणजे कोड वाचताच आला नाही) द्यायला लागतो, रिजेक्ट बिन भरतं, आणि ऑपरेटरचं एकच वाक्य असतं, "भिया, फोकस फिर आउट हो गया". इंदूरच्या आसपास पीथमपूर घ्या, सांवेर रोड घ्या, देवास घ्या, तक्रार हीच. हेच काम करतो म्हणून सांगतो, फोकस खरंच हललाय अशा केसेस कमी असतात आणि फोकस चांगला असताना कोणीतरी घाईत लेन्स फिरवून ठेवलीये अशा जास्त. मग मूळ फॉल्ट तसाच राहतो, वर एक नवीन बसतो, आणि दोघं मिळून कुठलीच टेस्ट सरळ होऊ देत नाहीत. म्हणून खालच्या क्रमात लेन्स सगळ्यात शेवटी आहे.

लक्षणं आधी

नेमकं कधी बिघडतं ते ऑपरेटरला शांतपणे विचारा, शिफ्ट इनचार्जला नाही, जो मशीनपाशी उभा असतो त्याला.

बेल्ट थांबवला की वाचतो आणि चालू केला की नाही, तर फोकस सोडून द्या, ते एक्स्पोजरचं (कॅमेरा किती वेळ उजेड घेतो) किंवा ट्रिगरचं (फोटो कधी काढायचा तो इशारा) प्रकरण आहे.

एकच साईझ वाचत नाही, बाकी सगळे वाचतात, तर पॅकची उंची बदललीये आणि रीडर जुन्याच उंचीवर आहे.

सकाळी ठीक, दुपारी दोन-तीनला खराब, संध्याकाळी परत ठीक. ऊन. शेडच्या छताला जी पारदर्शक शीट असते तिच्यातून येणारा पट्टा बरोबर रीडरखाली पडतो.

रविवारचा शटडाऊन झाला की सोमवारी सकाळी सगळं बिघडलेलं. इथे बहुतेक वेळा सेटिंग रीडरच्या कायमच्या मेमरीत सेव्हच केलेलं नसतं, सॉफ्टवेअरमध्ये बदल केला, चाललं, सगळे खूश होऊन घरी गेले, आणि पॉवर गेली की रीडर जुन्या सेटिंगवर परत.

डीकोड टाईम (कोड वाचायला लागणारा वेळ) हळूहळू वाढत जातो, आधी ३०-४० मिलीसेकंद होता तो १००-१५० वर गेला आणि मग अधूनमधून नो-रीड सुरू झाले, तर काच घाण होतीये किंवा प्रिंट उतरत चाललीये. हा आकडा रोज कोणी बघत नाही पण सगळ्यात आधी तोच बोलतो.

आणि शेवटचं, बेल्ट थांबलेला, पॅक हातात धरलेला, चांगलं मास्टर लेबल (तपासायला वेगळं ठेवलेलं नमुना लेबल) समोर, तरी इमेज सगळीकडून सारखी धूसर, कुठल्याच दिशेला धार नाही. हे खरं फोकसचं लक्षण.

पहिलं काम, इमेज बघा

फुकटातलं आहे आणि तरी लोक हेच टाळतात. लॅपटॉप लावा, रीडरचं सेटअप सॉफ्टवेअर उघडा आणि नो-रीडच्या इमेजेस सेव्ह करायचा ऑप्शन चालू करा. लाईव्ह व्ह्यूमध्ये छान दिसतं म्हणून काही सिद्ध होत नाही, जो पॅक फेल झाला त्याचाच फोटो पाहिजे. कोड फ्रेममध्ये पूर्ण आहे का, का अर्धा बाहेर गेलाय? अर्धा बाहेर असेल तर ट्रिगर सेन्सर सरकलाय, त्याला क्लॅम्पवर पाच-दहा मिमी इकडे-तिकडे केलं की काम झालं. फ्रेम काळी आहे का? लाईट. मधे पांढरा डाग आहे का? चकाकी. धूसर आहे, तर कुठल्या दिशेने धूसर?

हे दिशेचं नीट समजून घ्या. फोकस गेला की सगळ्या कडा सारख्याच मऊ होतात. पॅक हलत असताना फोटो निघाला की फक्त बेल्टच्या दिशेने फाटे दिसतात, बेल्टला समांतर असलेल्या कडा मात्र तश्याच कडक राहतात. डेटा मॅट्रिक्सचा (छोट्या चौकोनांचा टूडी कोड) जो एल आकाराचा जाड काठ असतो त्याची एक बाजू साफ आणि दुसरी पसरलेली दिसली तर लेन्सला हात लावायचं कारणच नाही.

काच पुसा, पण नीट

इंदूरमध्ये नमकीनच्या लाईन भरपूर, आणि तिथे तेलाची वाफ रीडरच्या काचेवर बसते, भजी तळताना चष्म्यावर बसते अगदी तशी. वरून मसाल्याची धूळ. कार्टनच्या लाईनवर कागदाचा भुसा आणि हॉट मेल्ट गोंदाचे तंतू. असल्या पातळ थराने इमेजचा कॉन्ट्रास्ट पडतो, काळं राखाडी होतं आणि बघणाऱ्याला वाटतं फोकस गेला.

आधी ब्लोअरने कोरडी धूळ उडवायची, लाईनवरच्या कॉम्प्रेस्ड एअरने नाही कारण त्यात पाणी आणि ऑईल असतं. मग मायक्रोफायबर कापडावर, काचेवर नाही कापडावर, थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन हलक्या हाताने. थिनर आणि ॲसिटोन बिलकुल नाही. बऱ्याच रीडरची पुढची खिडकी काच नसून ॲक्रिलिकची असते, ती थिनरने कायमची दुधाळ होते, आणि ॲक्रिलिकला तर कडक अल्कोहोलनेही बारीक तडे पडू शकतात म्हणून मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते एकदा बघून मगच. ऑपरेटरच्या खिशातला रुमाल, कॉटन वेस्ट, हातमोजा, हे सगळं ओरखडे पाडतं आणि ओरखडे पुसून जात नाहीत.

पुसल्यावर डीकोड टाईम परत खाली आला? मग पोस्ट इथेच बंद करा आणि रोजच्या क्लीनिंग चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवा.

कोड तरी धड आहे का

एक मास्टर लेबल ठेवा. चांगल्या प्रिंटरवर काढलेलं, मॅट कागदावर, त्याच साईझचं, त्याच डेटाचं. लॅमिनेट करू नका, चकाकतं. रीडर मास्टर वाचतो आणि लाईनवरचा कोड वाचत नाही, तर दोष प्रिंटरकडे आहे. थर्मल प्रिंटरच्या हेडमधला एखादा डॉट मेला की कोडमध्ये उभी पांढरी रेघ येते, इंकजेटचं नोझल बंद झालं की तसंच, रिबनला सुरकुती पडली की तिरपी रेघ.

इथे हमखास कोणीतरी मोबाईल काढून दाखवतो की बघा, मोबाईलने तर वाचतोय! वाचणारच. मोबाईलला ऑटोफोकस आहे, तुम्ही हात पुढे-मागे करता, त्याला दोन सेकंद मिळतात. रीडरला एक अंतर, एक कोन आणि काही मिलीसेकंद. तो पुरावा धरू नका.

कोडच्या भोवतीची मोकळी जागा पण बघा. डेटा मॅट्रिक्सला चारी बाजूंनी एका मॉड्यूलइतकी (कोडमधला एक छोटा चौकोन) पुरते, क्यूआरला चार लागतात, कोड १२८ ला दोन्ही टोकांना एका पट्टीच्या जाडीच्या दहापट. डिझाईनवाल्याने बॉर्डर जवळ आणली की फोकस कितीही चांगला असू द्या, वाचणार नाही.

आणि रंग. पाऊचचं डिझाईन लाल-केशरी असतं आणि बहुतेक रीडरची स्वतःची लाईट लाल. लाल उजेडात लाल शाई पांढरी दिसते, म्हणजे पांढऱ्यावर लाल कोड छापला की कॅमेऱ्याला कोरा कागद दिसतो. उलट लाल पाऊचवर काळा कोड मस्त दिसतो. नवीन पाऊच आल्यापासून प्रॉब्लेम सुरू झाला असेल तर हे आधी बघा.

अंतर मोजा, डोळ्याने नाही पट्टीने

माझ्या मते सगळ्यात जास्त केसेस इथे संपतात. ब्रॅकेटचा बोल्ट ढिला, कोणीतरी कार्टन काढताना रीडरला कोपर लागलं, किंवा छोट्या पॅकवरून मोठ्या पॅकवर गेले आणि रीडर वर घ्यायचा राहिला.

आकड्यात सांगतो म्हणजे किती नाजूक आहे ते कळेल. समजा १६ मिमी फोकल लेंथची लेन्स, कोड २०० मिमीवर, सेन्सरचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा, आणि दोन पिक्सेलपर्यंतचा धूसरपणा आपण चालवून घेतला. तर एफ ५.६ वर (एफ नंबर म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं, नंबर लहान तर छिद्र मोठं) साफ दिसायची खोली वर-खाली मिळून साधारण १२ मिमी मिळते. एफ २.८ वर सहाच. एफ ८ वर सतराच्या आसपास. म्हणजे पॅक २० मिमीने उंच झाला तर रीडर वाचणार कसा? लेन्सने काही चूक केलेली नाही.

म्हणून रीडरच्या खिडकीपासून कोडपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा, प्रत्येक साईझचं अंतर ब्रॅकेटवर पेंट मार्करने लिहा, आणि दर साईझला रीडर त्या खुणेवर हलवायची सवय लावा. फोकस एका अंतरावर लॉक करून रीडर हलवणं हे रीडर जागेवर ठेवून फोकस हलवण्यापेक्षा कधीही बरं, खूण सगळ्यांना दिसते आणि रिंग किती फिरली ते कोणालाच दिसत नाही.

ब्रॅकेट जर व्हायब्रेट होत असेल, म्हणजे हात लावल्यावर झिणझिण जाणवत असेल, तर बोल्टला स्प्रिंग वॉशर घाला किंवा रीडर कन्व्हेयरच्या फ्रेमवरून काढून वेगळ्या खांबावर घ्या. हेच कंपन पुढे लेन्सचा लॉक स्क्रू पण ढिला करतं आणि मग "दर आठवड्याला फोकस जातो" ही तक्रार खरी होते.

कोन आणि चकाकी

रीडर कोडच्या बरोबर काटकोनात लावला की त्याची लाईट सरळ परत त्याच्यातच येते आणि मधे पांढरा गोळा दिसतो. फॉईल, श्रिंक, ग्लॉस वार्निश मारलेलं कार्टन, सगळीकडे. रीडर १०-१५ डिग्री तिरका करा. खूप तिरका नको, मग कोडचं एक टोक जवळ आणि दुसरं लांब होतं आणि परत खोलीचा प्रश्न.

उन्हाचा पट्टा येत असेल तर एक पुठ्ठा धरून बघा, फरक पडला तर पत्र्याचं कव्हर बनवून घ्या, झालं.

वेग आणि एक्स्पोजर

बेल्ट मिनिटाला ३० मीटर म्हणजे सेकंदाला ५०० मिमी. एक्स्पोजर १ मिलीसेकंद असेल तर तेवढ्या वेळात पॅक अर्धा मिमी सरकतो, आणि ०.३३ मिमीची पट्टी किंवा मॉड्यूल असेल तर ते पूर्ण पुसलं जातं. २०० मायक्रोसेकंदावर आणलं की सरकणं ०.१ मिमी, म्हणजे मॉड्यूलच्या एक तृतीयांशाच्या आत, हे चालतं. पण एक्स्पोजर कमी केला की इमेज काळी होणार, मग लाईट वाढवा किंवा थोडा गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवायचं सेटिंग) वाढवा, गेन जास्त वाढवला की दाणे येतात.

प्रॉडक्शनवाले बेल्टचा वेग वाढवतात आणि मेंटेनन्सला सांगत नाहीत, हे लिहून ठेवा. व्हीएफडीवरची (मोटरचा वेग बदलणारा ड्राईव्ह) फ्रीक्वेन्सी आधी किती होती ते विचारा.

आता लेन्स

वरचं सगळं झालं, मास्टर लेबल थांबलेलं असताना पण धूसर, तर आता करायचं. पण त्याआधी तीन गोष्टी. औषधाची लाईन असेल तर क्यूएला (क्वालिटी विभागाला) कळवल्याशिवाय हात लावायचा नाही, व्हॅलिडेटेड (तपासून मंजूर केलेल्या) लाईनवरचं फोकस हा पण बदलच असतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून टॉप ३०० ब्रँडच्या औषधांवर कोड बंधनकारक झाल्यापासून तिथे चालढकल चालत नाही. दुसरं, रीडरचं पूर्ण कॉन्फिगरेशन लॅपटॉपवर बॅकअप घ्या. तिसरं, लेन्सच्या रिंगवर आणि बॉडीवर मिळून मार्करने एक बारीक रेघ ओढा आणि मोबाईलने फोटो काढा, म्हणजे काहीच जमलं नाही तर निदान जिथे होतो तिथे परत येता येईल.

बेल्ट बंद आणि लॉक. एमर (रीडर कुठे बघतोय ते दाखवणारा उजेडाचा ठिपका) लेझरचा असेल तर त्यात डोळा घालून बघू नका.

आधी ओळखा लेन्स कुठली आहे. लिक्विड लेन्स असेल तर फिरवायला काहीच नसतं, तिचा फोकस विजेने बदलतो, तो सॉफ्टवेअरमधूनच शिकवायचा आणि सेव्ह करायचा. सेव्ह म्हणजे रीडरमध्ये सेव्ह, नंतर पॉवर बंद-चालू करून तपासायचं, ही टेस्ट केल्याशिवाय लाईन सोडायची नाही. बाकी एक छोटी एम१२ आटे असलेली लेन्स असते, किंवा मोठी सी-माऊंट, तिला फोकसची आणि ॲपर्चरची (लेन्सच्या छिद्राची) वेगळी रिंग आणि दोन्हीला बारीक लॉक स्क्रू.

कव्हर काढताना रबराची सील रिंग कुठे बसली होती ते बघा, परत लावताना ती चिमटली की आयपी ६५-६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) सगळं कागदावरच राहतं आणि पावसाळ्यात आत वाफ धरते.

मास्टर लेबल नेमकं त्या उंचीवर ठेवा जिथे कोड येतो. दोन-तीन साईझ एकाच सेटिंगवर चालवायच्या असतील तर सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्याच्या मधे. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद करा, नाहीतर तुम्ही रिंग फिरवणार आणि रीडर मागून उजेड बदलत राहणार, मग फोकसचा आकडा कशामुळे बदलला ते कळणारच नाही.

सी-माऊंट असेल तर ॲपर्चर पूर्ण उघडा, सगळ्यात लहान एफ नंबर. उलटं वाटतं पण कारण सरळ आहे, उघड्या ॲपर्चरला खोली सगळ्यात कमी म्हणून बरोबर फोकस कुठे आहे ते धारदार कळतं, बंद ॲपर्चरला रिंग बरीच फिरवली तरी सगळं सारखंच दिसतं आणि तुम्ही कडेलाच थांबता. एक्स्पोजर तेवढा कमी करा म्हणजे इमेज पांढरी होणार नाही.

आता सॉफ्टवेअरमध्ये फोकस किंवा शार्पनेसचा आकडा दिसत असेल तो बघत लॉक स्क्रू ढिला करा, काढू नका, तो पडला की मशीनखाली शोधत बसाल. रिंग हळू फिरवा. आकडा वाढेल, वाढेल, मग कमी व्हायला लागेल, तिथून मागे या पण शिखराच्या पण मागे जा आणि मग परत त्याच दिशेने वर येऊन थांबा. आट्यांमध्ये थोडा ढिलेपणा असतो, दोन दिशांनी आलं की एकाच आकड्याला दोन वेगळ्या जागा मिळतात.

किती फिरवायचं? एम१२ लेन्सच्या आट्यांची पिच बहुतेक ०.५ मिमी. वरचीच १६ मिमीची लेन्स एम१२ मध्ये धरली तर २०० वरून २२० मिमीवर जायला लेन्स साधारण ०.१४ मिमी हलते, म्हणजे पाव फेऱ्याहून थोडंसं जास्त. दहा डिग्री म्हणजे कोडच्या उंचीत दोनेक मिमी. ज्यांनी रिंग दोन-तीन फेरे फिरवून बघितली त्यांची इमेज का परत येत नाही ते यावरून कळेल.

आकडा शिखरावर आला की लॉक स्क्रू बोटाच्या जोरानेच आवळा, आणि आवळताना स्क्रीनवरून नजर हटवू नका कारण आवळल्याने लेन्स किंचित तिरकी होते आणि आकडा पडतो. पडला तर ढिला करून थोडं आधी थांबून परत. जास्त जोर लावला की पितळेच्या रिंगवर खड्डा पडतो आणि पुढच्या वेळेला स्क्रू त्याच खड्ड्यात घसरतो, मग हवी ती जागा मिळतच नाही. सी-माऊंटचं ॲपर्चर आता एफ ५.६ किंवा ८ वर आणा, तेही लॉक करा. एफ २.८ वरून ५.६ वर आलात तर उजेड चौथाई राहतो, त्या हिशोबाने लाईट आणि एक्स्पोजर परत बसवा, वरचं वेगाचं गणित विसरू नका.

सी-माऊंट लेन्सची रिंग शेवटापर्यंत गेली आणि इमेज सुधारतच होती पण शिखर आलं नाही, तर लेन्स आणि बॉडीच्या मधली पातळ स्पेसर रिंग कोणीतरी काढून टाकली असेल. जवळच्या अंतरासाठी ती मुद्दाम घातलेली असते, सुटा वॉशर समजून डब्यात टाकतात. डबा बघा.

मग मास्टर लेबल ५-५ मिमी वर आणि खाली करून कुठपर्यंत वाचतो ते लिहून घ्या. दोन्हीकडे जागा जवळपास सारखी मिळाली तर फोकस मधोमध बसलाय. कव्हर लावा, कव्हर लावल्यावर परत एकदा बघा, सेव्ह करा, पॉवर बंद-चालू करा, आणि बेल्ट पूर्ण वेगावर चालवून किमान दोन-तीनशे पॅक जाऊ द्या. दहा पॅक वाचले म्हणून ओके म्हणू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खिडकीच्या आतून वाफ किंवा थेंब दिसत असतील. सील गेलंय, पुसून काही होत नाही, ओली बॉडी २४ व्होल्टवर चालू ठेवू नका.

रिंग सबंध फिरवली तरी आकड्याला शिखरच येत नाही आणि स्पेसर पण जागेवर आहे. लेन्सच्या आत काहीतरी सुटलंय किंवा लेन्सच चुकीची आहे.

इमेजमध्ये एक डाग कायम त्याच जागी, खिडकी आणि लेन्स पुसूनही. तो सेन्सरवर आहे. सेन्सर पॅकिंग हॉलमध्ये उघडून पुसायची गोष्ट नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

लिक्विड लेन्सचा फोकस शिकवून, सेव्ह करून पण गार असताना एक आणि तापल्यावर एक असा वागतोय. मे महिन्यात शेडमध्ये काय तापतं ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे आधी रीडरचं चालण्याचं तापमान मॅन्युअलमध्ये बघा आणि हवा खेळती करा, त्यानेही नाही झालं तर कंपनीकडे.

रीडर वॉरंटीत आहे आणि बॉडीवर सीलचं स्टिकर आहे. ते फाडू नका.

आणि गिऱ्हाईकाने कोडचा ग्रेड मागितलाय, ए, बी, सी वगैरे. हा रीडर ग्रेड द्यायचं मशीन नाही, त्याला व्हेरिफायर लागतो, टूडी कोडला आयएसओ/आयईसी १५४१५ आणि पट्ट्यांच्या कोडला १५४१६ प्रमाणे तपासणारा. रीडरचा फोकस कितीही घासलात तरी ग्रेड वाढत नाही.

सर्व्हिस इंजिनिअरला फोन करायच्या आधी एवढं तयार ठेवा: फेल झालेल्या पंधरा-वीस इमेज, कॉन्फिगरेशनचा बॅकअप, मोजलेलं अंतर, बेल्टचा वेग, लेन्स हलवली असेल तर तो खुणेचा फोटो, आणि नो-रीड झालेले खरे पॅक पाच-सहा, नुसते फोटो नाही. तोपर्यंत हॅन्ड स्कॅनरने लाईन चालवायची असेल तर औषधवाल्यांनी क्यूएकडून लेखी घ्या, नमकीनवाल्यांनी एक माणूस बसवा आणि चालू द्या.